खिडकीवाल्याची मान

बुधवार, २ ऑक्टोबर

एका आखडलेल्या मानेची आजवरची खरी किंमत — अर्धी बाटली आलुबुखाराची दारू (प्यायला नाही, चोळायला! हे दुःख वेगळंच), बायकोचा, म्हणजे सेल्वेताचा, चांगला लोकरी मफलर, आणि एक गिऱ्हाईक. गिऱ्हाईक माझ्या उजव्या हाताला उभं होतं. मला दिसलंच नाही. ‘नझिफ आता मोठा माणूस झाला, मान वळवून बघत नाही’ असं म्हणत गेलं म्हणे.

मान डावीकडे बघते. समोर — कशीबशी. उजवीकडे नाही म्हणजे नाही. रविवारी दुपारी जेवून पुढच्या खोलीत कोचावर आडवा झालो, उठलो तो असा.

मी अजून पाय जमिनीला टेकवतोय तोवर बायकोचा निकाल तयार — “प्रोमाया!”

प्रोमाया! समोरासमोरच्या दोन फटींतून शिरणारा वारा. आमच्या देशात सर्ब, क्रोएट, बोस्नियाक यांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत आहे — की हा वारा माणूस मारतो. कान गेला, प्रोमाया. कंबर धरली, प्रोमाया. साडेतीन वर्षं तोफा झेललेली माणसं बसची खिडकी बोटभर उघडली तर किंचाळतात.

पण माझ्या घरात? मी ट्राव्निकचा खिडकीवाला! दुकानावर पाटी काय आहे? ‘नझिफच्या खिडकीतून वारा काय, शेजारणीची चुगलीही आत येत नाही.’ पाटी मीच लिहिली.

सेल्वेताला बजावलं, “हा शब्द या घराबाहेर गेला तर उद्यापासून पाव आणि कांदा खायचा.”

“मग लोकांना सांगू काय?”

“सांग, वाकडा झोपला होता.”

“सव्वीस वर्षं सरळ झोपतोस. आताच बरा वाकडा झोपलास!”

गुरुवार, ३ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सोबत मेंढीच्या चीजचा डबा. हाडं ठीक आहेत. स्नायू आखडलेत.

“कसलं टेन्शन आहे का, नझिफ?”

“मला? बाई, युद्ध संपलं तेव्हा या गावात एक काच शाबूत नव्हती. प्लास्टिकचे कागद आणि खिळे घेऊन दारोदार हिंडलो मी. त्यातून कारखाना काढला. बँक, करवाले, दोन भागीदार, एक सख्खा भाऊ — सगळ्यांना पुरून उरलो. मला टेन्शन येत नाही. मी देतो.”

“घरात काही नवीन?”

“काही नाही. मुलगी जर्मनीला चाललीय. कासेलच्या इस्पितळात. नर्स म्हणून.”

“कधी कळलं?”

“गेल्या शुक्रवारी.”

“आणि मान कधी धरली?”

“रविवारी.”

“हं,” म्हणाल्या. एवढ्याशा ‘हं’साठी अख्खा डबा चीज!

शनिवार, ५ ऑक्टोबर

कॉफीला शेजारणी आल्या. चौघींनी आपापली रक्तदाबाची यंत्रं आणली होती. एकीचं मोजून झालं की दुसरीला खरं वाटेना. दंडाला पट्टा बांधून मी मध्ये बसलेला, मान डावीकडे — चौथीला वाटलं मी तिच्यावर रुसलोय.

दुपारी हॉटेलवाला फादिल दुकानात आला. नदीकाठी नवं हॉटेल बांधतोय. सगळ्या खिडक्या कुणाकडून घ्यायच्या — माझ्याकडून की त्या चामिलकडून, हे अजून ठरत नाहीये त्याचं. चामिल ऑस्ट्रियातून खिडक्या आणून विकतो. स्वतः एक खिळा ठोकलेला नाही जन्मात.

फादिल माझ्या उजवीकडे बसला. मी सगळा सौदा समोरच्या भिंतीशी बोललो. गंमत म्हणजे त्याला वाटलं मी भावात हलणार नाही, आणि तोच हलला! अशी मान धंद्याला वाईट नाही.

पण संध्याकाळी कॉफीहाऊसमध्ये चामिल मोठ्यानं — “ऐकलं का, नझिफला टेन्शन आलंय. म्हणजे बँक मागं लागली बघा!” डॉक्टरीणबाईंच्या दारात कोण उभं होतं देव जाणे. म्हणजे वारा म्हणावं तर माल गेला, टेन्शन म्हणावं तर पत गेली. वाकडा झोपलो — यावर या गावात एक माणूस विश्वास ठेवत नाही.

सोमवार, ७ ऑक्टोबर

सेल्वेतानं झुमराबाईंना बोलावलं. झुमराबाई शिसं ओतून भीती काढतात. डोक्यावर चादर घ्यायची, वर पाण्याचं भांडं धरायचं, प्रार्थना पुटपुटत वितळलेलं शिसं त्यात ओतायचं. जेवढा आवाज मोठा तेवढी भीती मोठी.

मी म्हणालो, “ओता. हसू येईल तेवढंच.”

चर्रर्र-फट्! खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

“या अल्ला,” झुमराबाई चादरीबाहेरून. “एवढी भीती मी युद्धानंतर पाहिली नव्हती!”

मग गोठलेल्या शिशाचा आकार बघायचा. ज्याची भीती, त्याचा आकार. सेल्वेता म्हणाली, खिडकी. झुमराबाई म्हणाल्या, “कुठली खिडकी! बस आहे ती, बाई. लांब पल्ल्याची.” मी म्हणालो, “शिसं आहे, शिशासारखं दिसतंय.” कुणी हसलं नाही.

आमची मुलगी नेयरा उठून बाल्कनीत गेली. ती लहानपणी रुसली की तिथंच जायची. चोवीस वर्षांची झाली तरी तेच.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

माझे कान तिखट आहेत. धंदा निम्मा कानांवर उभा केला. आज वाटलं, नसते तर बरं.

बाल्कनीचं दार मीच बनवलेलं. बंद असतं तर अक्षर ऐकू आलं नसतं. नेयरानं जरा उघडं ठेवलं होतं.

“मामा,” — आमच्याकडे आईला हीच हाक — ती सेल्वेताला म्हणत होती, “बाबोची मान माझ्यामुळं गेली. डॉक्टर तेच म्हणतात, झुमराही तेच म्हणते. शुक्रवारी कासेलला फोन करून नाही सांगते.”

“वारा आहे गं तो!”

“वारा असता तर बाबोनं कबूल केला असता. तो काही बोलतच नाही. त्याला असा सोडून तिथं जाऊ, आणि दुसऱ्यांचे बाप सांभाळू?”

नाही सांगणार! म्हणजे राहणार!

पायांचा आवाज न करता कोचावर येऊन पडलो. छातीत काय झालं ते लिहीत नाही.

बुधवार, ९ ऑक्टोबर

मान जास्त दुखते. (खोटं. कण्हतो जास्त.)

गुरुवार, १० ऑक्टोबर

राजाचे दिवस! नेयरा सूप आणते. मफलर गरम करून गळ्यात घालते. “बाबो, उशी हवी?” हवी. “बाबो, उजवीकडचं काही देऊ?” दे. उजवीकडचं सगळंच दे! अशी मान जन्मभर परवडेल.

संध्याकाळी तिच्या खोलीबाहेरून जात होतो. आत ती जर्मन बोलत होती. वर्षभर रोज ऐकून ऐकून घरातल्या मांजरालाही तेवढं जर्मन येतं — कुठं दुखतंय? कधीपासून? खोल श्वास घ्या. उशीला रोगी करून तिची तालीम चालते. उशीच्या वतीनं उत्तरही तीच देते. आज उशीचा आवाज जाड होता, जरा घोगरा — “मला टेन्शन येत नाही, मी देतो!” जर्मनमध्ये! माझीच नक्कल!

मफलर तोंडात कोंबून हसलो. जर्मनमध्ये मी बरा वाटतो.

मग पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग नाक ओढल्याचा.

पोरीकडे नर्सचं सर्टिफिकेट आहे आणि ती तीन वर्षं बेकरीत पाव विकतेय. इथल्या इस्पितळात जागा निघते, पण निघण्याआधीच ती कुणाच्या तरी भाचीची असते. हे मला माहीत नव्हतं थोडंच? मीच सांगितलं होतं तिला — बाळ, इथं कुणी दार उघडत नाही, आपणच खिडकी बसवून घ्यायची असते. बापानं बोलावं किती!

सूप गार झालं. प्यालो नाही.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

सकाळीच कॉफीहाऊस गाठलं. मुद्दाम गर्दीच्या वेळी. फादिल होता, चामिल होता, बाकी सगळं ट्राव्निक होतं.

खुर्चीत बसलो आणि मोठ्यानं म्हणालो, “मान प्रोमायानं गेली.”

चमचे थांबले. खरंच थांबले! एरवी या गावात अजान झाली तरी साखर ढवळणारे थांबत नाहीत.

चामिल हळूच, जसं मयताला आल्यावर विचारतात तसं — “नझिफ, कुठल्या घरात?”

“माझ्या.”

“कुठल्या खिडकीतून?”

“माझ्याच. पुढच्या खोलीतल्या. कोचावर पडलो की सरळ मानेवर येतो.”

“अरे पण ती तर... तूच केलेली ना?”

“मीच केलेली, मीच बसवलेली. आणखी काही?”

चामिलच्या तोंडावर ईद उतरली! पठ्ठ्यानं माझ्या कॉफीचे पैसे दिले. वीस वर्षांत पहिल्यांदा. फादिल कपात बघत राहिला, मग म्हणाला, “नझिफ, तू प्रामाणिक माणूस आहेस.” गिऱ्हाईक असं म्हणालं की समजावं, गेलं!

घरी पोहोचेपर्यंत बातमी माझ्याआधी पोहोचली होती. नेयरा दारात, फोन हातात, बेकरीचा एप्रन अजून अंगावर.

“बाबो, खरंच प्रोमाया?”

“खरंच.”

“माझ्यामुळं नाही?”

“तुझ्यात कुठं एवढा जोर! वारा आहे तो, वारा.”

“मग आधी का नाही बोललास?”

“माझा माल आहे, बाळ. लाज वाटली.”

माझ्याकडे बघत राहिली. डाव्या बाजूला उभी होती, त्यामुळं मला तिच्याकडे बघावंच लागलं. माणूस बायकोबद्दल खोटं बोलेल, देवाबद्दल बोलेल, पण खिडकीवाला स्वतःच्या खिडकीबद्दल? तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरताना मी पाहिलं. मग ती नाचली. शेजारणींसाठी भरून ठेवलेल्या कॉफीच्या किटलीला हात लागून किटली पडली. पडू दे.

आतून सेल्वेता — “शेवटी कबूल केलंस! पहिल्या दिवसापासून सांगतेय मी!”

तिलाही खरं सांगता येत नाही. तिच्या पोटात गोष्ट राहिली तर पोट दुखतं.

सोमवार, १४ ऑक्टोबर

हॉटेल चामिलला.

कारखान्यात माणसं माझ्याकडे बघून शिट्टी वाजवतात, वाऱ्यासारखी. एकानं पाटीवर खडूनं भर घातली — ‘नझिफच्या खिडकीतून वारा काय, शेजारणीची चुगलीही आत येत नाही. फक्त नझिफची मान बाहेर जाते.’ हस्ताक्षर ओळखलं. हसलो आणि त्याला सुट्टी दिली नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर

बस सुटली.

स्टँडवर सगळ्या आया सगळ्या मुलींना तेच सांगत होत्या — बसच्या छतातलं हवेचं झाकण बंद ठेवा, झोपताना मान झाका, वारा लागेल. ड्रायव्हर ओरडला, “अहो, बसला झाकणच नाही!” तरी सांगत होत्या.

नेयरानं खिडकीतून हाका मारल्या. बस उजवीकडे वळली. मी अख्खा माणूस उजवीकडे वळलो, पायांसकट, कारण मान वळेना. सेल्वेता म्हणाली, “रडतोयस?” म्हणालो, “प्रोमाया.”

रविवार, २० ऑक्टोबर

नेयराचा फोन. पोहोचली. खोली लहान, पण गरम. आवाज असा की मी फोन कानापासून लांब धरला, तरी अख्ख्या खोलीला ऐकू आला.

आज इथं, जिथं कुणी वाचत नाही, एकदा स्वतःची पाठ थोपटून घेतो. आमच्याकडे लोक खोटं बोलतात — कर वाचवायला, घर वाचवायला, भावाला बुडवायला. पण स्वतःच्या मालाची भर कॉफीहाऊसात नाचक्की करणारं खोटं, तेही मुलीला मोकळी करायला — दाखवा बरं दुसरा कुणी! हॉटेल गेलं, नाव गेलं, चामिलची कॉफी प्यावी लागली. माझ्या खिडकीतून टाचणीएवढाही वारा येत नाही, हे जगात फक्त मला माहीत आहे आणि मी ते कबरीत घेऊन जाणार. खोटं बोलावं तर असं — हवाबंद!

सोमवार, २१ ऑक्टोबर

सेल्वेता ऐकेना — “गावभर कबूल केलंस, आता दुरुस्त कर.” नाटक करायचं म्हणून कोचावरच्या खिडकीची कडेची झाकणपट्टी काढली. उशाच्या बाजूला चौकट आणि भिंत यांच्यामध्ये वारा अडवणारा फोम मी भरलेलाच नाही. बोट आरपार गेलं.