दोन्या फोर्तुनाता एकट्या गाताना

३ फेब्रुवारी, शुक्रवार
आजपासून शिस्त. अकरा वर्षं रखडलेली फिल्म या कार्निवलला पुरी करायचीच. आमच्या गावच्या दोन्या, म्हणजे मानाच्या थोरल्या बाई, फोर्तुनाता अठ्ठ्याऐंशीच्या झाल्या. कार्निवल संपला की मुलगी त्यांना खुखुय शहरात, चौथ्या मजल्यावरच्या घरी नेणार. आमच्या दरीतले जुने कोप्ले, म्हणजे डफावर म्हणायची दोन-चार ओळींची गाणी, आता त्यांच्याच गळ्यात उरलेत. मला फक्त एवढंच हवंय: त्या एकट्या गाताहेत, मधे दुसरा आवाज नाही, अशी दहा मिनिटं. सोमवारपर्यंत होईल.

५ फेब्रुवारी, रविवार
रेकॉर्डिंग सांभाळायला भाची आली, यामिला. जुनं सगळं ऐकून म्हणाली, आत्या, चाळीस तास आहेत. प्रत्येक ठिकाणी दोन ओळी त्यांच्या, की लगेच तू.
तिला समजावलं. आमच्याकडे कुणी कोप्ला टाकला की ऐकणाऱ्याने तो उचलून पुन्हा म्हणायचाच. न उचलणं म्हणजे पुढे केलेला हात न धरणं. शहरात वाढलेल्या पोरीला काय कळणार! शिवाय माझ्या तीन कॅसेट निघाल्यात, त्या उगाच नाही. मिठागरांवरच्या माझ्या पहिल्या फिल्ममध्येही सर्वांत जास्त टाळ्या माझ्याच गाण्याला पडल्या होत्या.

७ फेब्रुवारी, मंगळवार
शाळेत सिस्टर इन्माकुलादांकडून सलग दोन वर्षं मौनाचं पदक मिळवलेली बाई मी. गप्प बसणं मला शिकवायला नको.
टेक एक. दोन्यांनी डफ कानाजवळ धरला.
डोंगरामागं डोंगर, मधे पायवाट,
खाणीत गेला धनी, थंड झालं ताट.
‘थंड झालं ताट,’ कॅमेऱ्यामागून मी. यामिलाने हेडफोन काढून खाली ठेवला.
टेक दोन ते नऊ, तेच. दोष हवेचा. दुपारचा वारा सुटला की गळा आपोआप मोकळा होतो.

११ फेब्रुवारी, शनिवार
युक्ती सापडली. दोन्ही गालांत आमच्याकडे चघळतात ती कोकाची पानं, तोंड उघडणारच नाही इतकी.
यशस्वी! अख्खा कोप्ला झाला, मी हूं की चूं नाही. दोन्या थांबल्या. वाट पाहिली. दुसरा टाकला. परत थांबल्या. मग डफ मांडीवर ठेवून म्हणाल्या, काय गं पोरी, मेलीस की रुसलीस? भिंतीला गाऊन दाखवू का? मी गालांकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, मग थुंक की! लामा जनावर बरं, ते निदान रवंथ मधे थांबवतं. आणि एम्पनादा, आमच्या सारणाच्या तिखट करंज्या, तळायला आत निघून गेल्या.
म्हणजे उत्तर दिलं तर टेक गेला, नाही दिलं तर गाणंच गेलं. अशी कोंडी मोठ्या दिग्दर्शकांचीच होते.

१५ फेब्रुवारी, बुधवार
शूटिंग नाही. पाठ धरलीय.
उगाच आठवलं. नऊ वर्षांची होते. सिस्टरांच्या शाळेत न्यायला ट्रक आला होता. निळा गणवेश, नवे बूट, शेजारी सिस्टर. दोन्या रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि माझ्यासाठी कोप्ला टाकला. सिस्टरांनी ओठांवर बोट ठेवलं. मी उचलला नाही. ट्रक वळेपर्यंत दोन्या डफ वाजवत उभ्या होत्या.
त्यानंतर त्यांचा एकही खाली पडू दिलेला नाही. याचा फिल्मशी काही संबंध नाही.

२० फेब्रुवारी, सोमवार, कार्निवल
पक्की योजना. मी दोन्यांच्या स्वयंपाकघरात बंद, किल्ली यामिलाच्या खिशात. कॅमेरा तिच्याकडे. दोन्यांना नीट दिसत नाही. यामिला नुसते ओठ हलवेल, त्यांना वाटेल कुणीतरी उचलतंय.
बटाट्याच्या पोत्यावर बसले. तोंडावर हात. पहिला झाला. दुसरा झाला. तिसरा मी जन्मात ऐकला नव्हता.
पोर गेली शिकायला, वाट झाली मुकी,
दाराशी ठेवते रोज भाकर एक सुकी.
धुराच्या झरोक्यातून उत्तर गेलंच. बाहेर दोन्या खदखदून हसल्या. आतून येतंय गं! तरी म्हटलं, आज मीठ कुठं गेलं!
मग तासभर गायलो, त्या बाहेर, मी आत. दार उघडायचं कुणालाच सुचलं नाही. यामिला म्हणते, स्वयंपाकघर घुमतं, म्हणून माझाच आवाज वर आलाय. तांत्रिक बाब. नंतर काढता येईल.

२७ फेब्रुवारी, सोमवार
काढता येत नाही.
दोन्या काल मुलीकडे राहायला गेल्या. हरकत नाही. शहरातही शूटिंग करता येईल. उलट चौथ्या मजल्यावर वारा नाही, कोंबड्या नाहीत. सोयीचंच.

१० मार्च, शुक्रवार
यामिलाने होतं ते जोडून वीस मिनिटांची फिल्म दोन्यांच्या मुलीच्या मोबाइलवर पाठवली. संध्याकाळी दोन्यांचा फोन. एवढ्या खूश मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाल्या, झाली गं बाई एकदाची तुझी फिल्म! अकरा वर्षं तुझ्या गाण्याला सुरुवात करून देतेय, डफ धरून हात भरून आला. छान गातेस. तिसऱ्याला सूर जरा सुटलाय, पण तुझ्या वयाला चालायचंच.
मी विचारलं, तिकडे गाता ना? म्हणाल्या, छे, डफ कपाटावर आहे. मी म्हटलं, एक टाका ना, फोनवरच, आत्ता.
त्या म्हणाल्या, आता कशाला? पुरी झाली ना तुझी?
मी हो म्हटलं.