टिटवीचा पहारा

३ मे
डॉक्टर म्हणाले, रागावर गोळी नसते, सकाळी बागेत जाऊन पक्षी बघत जा. मुलीने दुर्बीण आणून दिली. आजपासून रागवायचं नाही. देवाचं नाव घेऊन निघालो. बागेमागचं तळं उन्हाने आटलंय, मध्ये डबकंभर पाणी उरलंय, काठाला भेगा पडल्यात. पक्षी पुष्कळ. एक पळणारा माणूस थेट त्यांच्यातून गेला. ओरडून विचारलं, मागे कुत्रं लागलंय का? तो पळतच राहिला. पक्षी मात्र सगळे उडाले. लोकांना समज नाही.

५ मे
काठावरच्या खड्यांत टिटवीची चार अंडी! रंग हुबेहूब खड्यांचा. पाय टाकणारच होतो, देवाने थांबवला. एवढ्या माणसांत मलाच दिसली, याला योगायोग म्हणत नाहीत. गावच्या शाळेत मास्तर सांगायचे, टिटवीसुद्धा समुद्र आटवते. मग मला तिची चार अंडी सांभाळता येणार नाहीत?

६ मे
पहारा सुरू. अंड्यांच्या अगदी उशाशी उभा राहतो. मला बघताच टिटवी आनंदाने ओरडत डोक्यावर घिरट्या घालते. मी आहे तोवर बसत नाही. बिचारीला तेवढीच मोकळीक.

८ मे
लांब झाडाखाली एक कॅमेरावाला बसतो. हाताने मला मागे सरकायच्या खुणा करत होता. मग येऊन म्हणाला, काका, जरा लांब उभे राहा ना. काका! स्वतःच्या डोक्यावर एक काळा केस नाही. त्याला सुनावलं, फोटो काढणं सोपं असतं, राखण करून दाखव. रागावलो नाही, फक्त आवाज चढला.

९ मे
ऑफिसात साहेबांनी विचारलं, घसा कशाने बसला? म्हटलं, पक्षीनिरीक्षणाने.

११ मे
अंड्यांभोवती काठ्या रोवून लाल फडकी बांधली. हे काय म्हणून बघायला माणसं जमली. सगळ्यांना हाकलण्यात सकाळ गेली. टिटवीने डोक्यात चोच मारली. जीव लावला की असं होतं. उद्यापासून मौन.

१३ मे
तीनच अंडी. चौथं कावळ्याने नेलं. मी तिथेच होतो, पण पाठ होती. एका बाईंना शांततेचं महत्त्व समजावत होतो. त्यांना एका वाक्यात कळलं असतं तर अंडं वाचलं असतं. दिवसभर डोकं तापलेलं. गोळी घेतली.

१४ मे
चहाच्या वेळी मुलीने पक्षीवाल्यांच्या ग्रुपवरचा मेसेज वाचून दाखवला. कुणी गृहस्थ रोज सकाळी घरट्यापाशी उभे राहून आरडाओरडा करतात. टिटवी पोट भिजवून येते, अंड्यांवर बसून त्यांना गार ठेवते. हे गृहस्थ तिला बसू देत नाहीत. असंच चाललं तर उन्हात उरलेली अंडीही जातील. कुणाच्या ओळखीचे असतील तर समजवा.
माझं रक्तच उसळलं. म्हटलं, असल्या माणसाला तळ्यात बुडवला पाहिजे, नाव सांग त्याचं. मुलगी आईकडे बघायला लागली. ही म्हणाली, अहो, तळ्यात पाणी कुठंय? आणि मग म्हणाली, तुम्हीच ते.

१४ मे, रात्री
जेवणार नव्हतो. जेवलो. मुलीला विचारलं, ती मला बघून ओरडते ते आनंदाने नाही का? म्हणाली, नाही बाबा, हाकलते ती तुम्हाला.

१५ मे
गेलो नाही. मुलीला ग्रुपवर लिहायला सांगून त्या कॅमेरावाल्याकडून काठ्या काढून घेतल्या. देवापुढे बसलो. तीन अंडी मागितली, दुसरं काही नाही. राग खूप आला. कुणावर काढावा ते ठरेना, म्हणून पंखा पुसला.

१८ मे
गेलो नाही. ऊन भयंकर. पंख्याखाली बसून तिच्या पोटाखालच्या अंड्यांचा विचार केला. पंख्याचाही राग आला.

२२ मे
ग्रुपवर फोटो. तीन पिल्लं. खाली लिहिलंय, ते गृहस्थ यायचे थांबले, त्यांचे मनापासून आभार. सगळ्यांनी अंगठे दाखवलेत. मुलीच्या फोनवरून मीही दाखवला.

२३ मे
हिच्याबरोबर गेलो. लांब, झाडाखाली बसलो. कॅमेरावाल्याने सरकून जागा दिली. दुर्बिणीतून बघितलं. चिखलात टिटवी, मागे काड्यांसारख्या पायांवर तीन पिल्लं. तिने मान वळवून आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा चरायला लागली. ओरडली नाही. ही म्हणाली, बरं झालं की.
बरंच झालं. पण इतक्या दिवसांची ओळख. तिने एकदा तरी ओरडायचं.