दोन बोटं जाडा खांब

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. पांढरकवडा.

आज म्या आखाड्यातला टांगता मल्लखांब बदलवला. पिंकी रोज बारक्या खांबावर शिकते. त्याले मिठी मारली का तिचं बोटाले बोट लागते. त्याच्या जागी म्या मोठ्या पोरांचा खांब लटकवला, त्याहून दोनच बोटं जाडा. वाटलं, एकदा घसरन, सगळे हासतीन, मंग सांगून देऊ. सर आजच जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी पोरं निवडतीन, हे मले कुठं मालूम होतं?

तिनं खांबाले नमस्कार केला, चढली अन् घसरली. तीनदा.

"सर, आज खांब जाडा वाटून राह्यला."

"खांब तोच हाय बाई. तू भेली."

सगळे हासले. सगळ्यात पह्यले मीच. सरनं तिचं नाव कापलं. दोन बोटांनं एवढा फरक पडते?

सगळे गेल्यावर म्या गुपचूप बारका खांब परत टांगला. तेवढ्यात पिंकी राहिलेली चप्पल घ्याले आली. तिनं खांबाभोवती हात धरून पाह्यले. बोटाले बोट लागलं.

"तोच हाय रे," म्हणे. "मीच भेली."

म्या फक्त तिची चप्पल तिच्यापुढं सरकवली. आज खरं एकटी तीच बोलली, अन् आता तिलेच ते खोटं वाटून राह्यलं.