आल्यावर जेवतो

पुणे, ८ जानेवारी २०२४

ती. सुवर्णाताईस संघर्षचा सप्रेम जयभीम.

ताई, कादंबरीचा तिसरा खर्डा सोबत पाठवतो आहे. फोनवरच बोललो असतो, पण आई तुझ्या शेजारी बसलेली असते आणि काही गोष्टी तिच्यासमोर बोलवत नाहीत.

संपादक पूनमताईंनी याही वेळी पानंच्या पानं लाल केली. विहिरीचं अख्खं प्रकरण काढायला लावलं. ते लिहायला मला एक पावसाळा लागला होता. दोन दिवस चिडून बसलो, मग काढलं, आणि पुस्तक सुधारलं म्हणून आणखी चिडलो. आता माझा धीर संपला आहे. तेच वाक्य किती वेळा उलटंपालटं करायचं?

त्यांची खरी तक्रार शेवटाबद्दल आहे. विलास गाडीला किक मारतो, तिथे मी पुस्तक सोडून दिलं आहे. त्या म्हणतात, ती सकाळ लिही, तू ती चुकवतो आहेस. विलास म्हणजे आपला धम्मदीप, हे त्यांना ठाऊक नाही. तीन वर्षांपूर्वी तो चिखलीच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला, तेव्हा मी इथे पुण्यात झोपलेलो होतो. भावाची ती सकाळ मी कुठून आणू?

बाकी ठीक. चिडका असलो तरी धाकटा आहे, एवढं ध्यानात ठेवून लोभ असू दे.

तुझा,
संघर्ष

*

अमडापूर, २१ जानेवारी २०२४

चि. संघर्ष यास ताईचा जयभीम व पुष्कळ आशीर्वाद.

पानं मिळाली. अंगणवाडीतून आले की रोज थोडी वाचते, आई तूर निवडत ऐकते. तू नाव विलास ठेव नाहीतर आणखी काही, तिच्यासाठी तो धम्मदीपच. बकरीचा किस्सा तू गाळलास, ते तिच्या लगेच ध्यानात आलं. हा आता कमी बोलतो, म्हणाली. पुस्तकात छाटाछाट करावी लागते, असं मी सांगितलं. बरं म्हणाली, पण सूप बाजूला सारलं.

तुझ्या धीराचं मला सांगूच नकोस. चहा निवेपर्यंत तुला दम निघत नसे, जीभ भाजून घ्यायचास. धम्मदीपही तसाच. थांब म्हटलेलं दोघांनाही कधी ऐकू आलं नाही.

ती सकाळ मी पाहिली आहे, म्हणून सांगते. चिखलीकडे कोणाच्या तरी शेतातली मोटार बंद पडली होती, त्याला दुरुस्तीला बोलावलं होतं. आईची पहिली भाकर तव्यावर होती. दोन मिनिटं थांब, जेवून जा, असं ती म्हणाली. तो पायात चप्पल सरकवत म्हणाला, "आल्यावर जेवतो." एवढंच घडलं रे. लिहिताना रडू येईल, येऊ दे. मला आत्ता आलंच आहे.

तब्येत जप, आणि पत्र लिहायचा आळस करू नको.

तुझी,
ताई

*

पुणे, ११ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस सप्रेम जयभीम.

एका बैठकीत लिहिलं. विलास उपाशी निघतो, तव्यावर भाकर करपते, आणि पुस्तक संपतं. पूनमताईंचा लगेच फोन आला. सगळ्या पुस्तकात चांगलं पान हेच, आता याला हात लावू नकोस, म्हणाल्या. महिनाअखेर छपाईला जाईल. सुटलो एकदाचा. आनंद होतो आहे, आणि त्याची लाजही वाटते आहे.

पान पाठवतो. आईला ऐकवायचं की नाही, ते तू ठरव. माझ्यात ती हिंमत नाही.

आहेस म्हणून निभावतं. अशीच माया ठेव.

तुझा,
संघर्ष

*

अमडापूर, १९ फेब्रुवारी २०२४

चि. संघर्ष यास जयभीम व आशीर्वाद.

मी ऐकवलं. लपवून काय उपयोग, पुस्तक आलं की गावभर वाचलं गेलंच असतं. आई त्या रात्री जेवलीही नाही. सकाळी चुलीपुढे बसून म्हणाली, "तो त खरंच उपाशी गेला. संघर्षले सांग, पुस्तकात तरी त्याले जेवू घाल."

मी पुष्कळ समजावलं. हेच पान सगळ्यात चांगलं आहे, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल, असं म्हटलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाली.

संघर्ष, त्याला जाऊ देऊ नको, असं ती म्हणाली नाही. तीन वर्षांत तिने कोणाकडे काही मागितलं नाही, आणि मागितलं ते हे. मला पुस्तकातलं फार कळत नाही. तू काहीही ठरवलंस तरी ताई तुझीच आहे.

सुवर्णा

*

पुणे, २० एप्रिल २०२४

ती. ताईस सप्रेम जयभीम.

जयंतीला आलो नाही, कारण आईला तोंड दाखवायला जागा नव्हती. तुझं पत्र आल्यावर मी तुम्हा दोघींवर चिडलो होतो. मग पूनमताईंना सगळं सांगितलं, विलास कोण तेही. पुस्तकाचा शेवट थोडा फिका पडेल, म्हणाल्या, पण छपाई त्यांनीच थांबवली. आता दिवाळीनंतर बघू.

ताई, उपाशी माणूस एका बैठकीत लिहिला, जेवणारा काही केल्या लिहिता येईना. पूनमताई पान परत पाठवतात. हा जेवत नाही, गिळतो आहे, तुला उरकायची घाई झाली आहे, म्हणतात. खरंच आहे ते. जेवून उठला की तो जाणार, हे मला ठाऊक आहे. ते रेंगाळत बघवत नाही म्हणून भराभर उरकतो.

काल आईलाच फोनवर विचारलं, त्या दिवशी जेवायला काय केलं होतंस. जराही अडखळली नाही. अंबाडीची भाजी, म्हणाली, आणि कांदा तो बुक्कीने फोडायचा. आता मी घाई करणार नाही. लागेल तेवढा वेळ लागू दे.

तुम्हा दोघींचा राग गेला असेल तर कळव, नसेल तरी कळव.

तुझा,
संघर्ष

*

अमडापूर, २ सप्टेंबर २०२४

चि. संघर्ष यास जयभीम व अनेक आशीर्वाद.

राग कोणाला आला होता? तूर संपली, मूग निघाले, आणि आई रोज पोस्टमनची वाट पाहत होती, एवढंच.

पानं परवा आली. एका पानाची चार झाली आहेत. आईने आज निवडायला काही घेतलं नाही, हात रिकामे ठेवून बसली. विलास हात धुऊन बसतो, कांदा फोडतो, भाजी संपवून दुसरी भाकर मागतो. पुढे काय आहे ते मला माहीत होतं, म्हणून मीही भराभर वाचायला लागले. आईने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"हळू वाच वं," म्हणाली, "जेवून राह्यला तो."

शेवटचं अर्धं पान अजून वाचायचं राहिलं आहे. आमची घाई नाही, तूही करू नको. जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई