घरटी एक मत

ऑल्डन क्रीक, नेब्रास्का
१४ ऑगस्ट २००४

ती. दादास,
व्हर्नाचा सा. न. वि. वि.

वाढदिवसाचं कार्ड वेळेवर मिळालं. ‘आता तरी नवऱ्यासमोर तोंड उघड’ असं त्यात लिहिलं होतंस ना? उघडलं. आणि आता बसलेय निस्तरत.

लेलंडचं रडगाणं तुला पाठच आहे. अध्यक्षांनी दहशतवादाचा जो बंदोबस्त चालवलाय, त्यावर शेकडा इतके लोक खूश, तितके नाखूश, असं बातम्यांत सांगितलं की हा ओरडतो, मला कोणी विचारलं का? वेल्डिंग करताना फोन चुकायला नको म्हणून गॅरेजातही एक फोन बसवून घेतला. मंगळवारी जेवताना शेवटी तो आला. यानं टीव्ही बंद केला, घसा खाकरला, शर्टाचं वरचं बटण लावलं. फोनवर बटण कोणाला दिसणार होतं, देव जाणे.

पण मतं विचारणाऱ्या कंपनीच्या पोरीनं विचारलं, घरातल्या मोठ्या माणसांत सगळ्यात अलीकडे वाढदिवस कोणाचा झाला? त्यालाच प्रश्न विचारायचे, असा म्हणे नियम. लेलंडचा फेब्रुवारीत, माझा नुकताच झालेला. या घरात राजकारण माझ्याकडे आणि लोणची बायकोकडे, असं त्यानं तिला समजावून पाहिलं. पोरगी ऐकेना. मी मक्याचं कणीस खात होते, तशाच लोण्याच्या हातानं फोन घेतला.

अध्यक्ष दहशतवादाचा बंदोबस्त चांगला करताहेत की वाईट, असं तिनं विचारलं. लेलंड समोर अंगठा वर करून उभा, शाळेच्या नाटकात पोरांना पडद्याआडून खुणा करतात तसा. माझी नजर फ्रिजवर गेली. तिथे यानं हल्ल्याचा धोका किती ते रंगांनी सांगणारा सरकारी तक्ता डकवलाय, आणि त्याच्या शेजारी आमची पोर ट्रुडी, फोटोत लष्कराच्या ट्रकच्या पायरीवर बसलेली. युद्धावरून जूनमध्ये परत येणार होती, मग ऑक्टोबर म्हणाले, आता म्हणतात पुढचा हुकूम येईपर्यंत. मी म्हटलं, वाईट. थोडं वाईट की फार वाईट, तिनं विचारलं. मी म्हटलं, फार.

तेव्हापासून लेलंड गॅरेजात जेवतो. ताट मी नेऊन ठेवते आणि रिकामं मीच आणते. अंगणातल्या अध्यक्षांच्या प्रचाराच्या पाटीवर मात्र रोज फडकं मारतो.

लोभ आहे तेवढा राहू दे, सल्ले जरा कमी कर.

तुझी,
व्हर्ना


टोलेडो, ओहायो
२३ ऑगस्ट २००४

चि. सौ. व्हर्नास,
दादाचे अ. उ. आ.

शाब्बास! पत्र वाचून इतका हसलो की शेजारीण चौकशीला आली. लेलंडरावांना म्हणावं, गॅरेजात जेवणाऱ्यांची मतं घेणारी एखादी कंपनी निघाली, तर लगेच कळवीन.

इथेही तोच तमाशा चाललाय. वाचनालयाबाहेरच्या कचऱ्याच्या पेट्या उचलून नेल्या, कोणी बॉम्ब ठेवेल म्हणून. आता लोक आइस्क्रीमचे कप फुलझाडांत टाकतात आणि कसं सुरक्षित वाटतं म्हणून सांगतात. तक्त्यावरचा पिवळा रंग नारिंगी झाला की अध्यक्षांचा आकडा वर चढतो. घाबरवणाऱ्यालाच राखणदार समजायचं, ही आपल्या लोकांची अक्कल! तुमच्या अग्निशामक दलाला विषारी वायूपासून वाचवणारा पोशाख सरकारनं फुकट पाठवला होता, तो अजून कोणाच्या पोटावर बसला की नाही? नेब्रास्कातल्या मक्यावर कोण वायू सोडणार आहे, हेही एकदा विचारून ठेव.

थट्टा पुरे. ट्रुडीचा फोन येतो का? तिला तिकडे धाडणारे टाय लावून टीव्हीवर हसताना दिसले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तिची खुशाली आधी कळव, बाकी जग गेलं खड्ड्यात.

माया आहेच, सल्लेही येत राहतील.

तुझा,
ऑरिनदादा


ऑल्डन क्रीक
१९ सप्टेंबर २००४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ट्रुडीचा गेल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी फोन आला. गॅरेजात लेलंडनं उचलला, स्वयंपाकघरात मी. ती माझ्याशी नेहमीसारखी गोड बोलली आणि मग म्हणाली, मला बाबांशी कामाचं बोलायचंय. मी फोन ठेवला नाही, ऐकत राहिले.

त्यांच्या ट्रकची दारं नुसत्या पातळ पत्र्याची आहेत, दादा. गोळी आरपार जाते. म्हणून पोरं कचऱ्याच्या ढिगातून भंगार लोखंड उचलून आणतात आणि दारांवर जोडतात, पण जोड टिकत नाही. तिनं विचारलं, “बाबा, जाड लोखंड पातळ दाराला कसं धरेल?” लेलंडनं शांतपणे सगळं सांगितलं. आधी गंज घास, वेल्डिंगची कोणती कांडी घे, कुठे नुसतं वेल्डिंग नको आणि बोल्टच हवा. आवाज जरासुद्धा हलला नाही. अध्यक्षांचं नाव नाही, देशाचं नाही.

मग फोन ठेवून आत आला आणि त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलला: फ्रिजवरचा फोटो दे. त्यावरून अंदाजानं पुठ्ठ्याचं दार कापलं आणि त्या मापाचे दोन पोलादी पत्रे तयार केले. पोस्टात घेऊन गेला, तर एवढं वजन जात नाही म्हणून परत पाठवलं. आमच्या खासदाराला लिहिलं, तर उत्तरादाखल खासदाराचा सहीनिशी फोटो आला! पत्रे गॅरेजात भिंतीला टेकून उभे आहेत. पाटी अंगणात आहे, पण आता फडकं मारत नाही.

यावेळी हसू नकोस. लोभ ठेव, आमच्या दोघांवरही.

तुझी,
व्हर्ना


ऑल्डन क्रीक
२ ऑक्टोबर २००४

श्री. ऑरिनराव यांस,
लेलंडचा नमस्कार.

माझं पत्र पाहून तुम्ही खुर्चीतून पडला असाल. तुम्ही मला गाढव समजता हे मला माहीत आहे. मीही तुम्हाला फारसा शहाणा समजत नाही. तेव्हा ते राहू द्या.

काल त्या मतं विचारणाऱ्या कंपनीचा पुन्हा फोन आला. या वेळी एक गृहस्थ होता. आमच्या कंपनीच्या मुलीनं ऑगस्टमध्ये खरंच फोन केला होता ना, एवढंच तपासायचं होतं म्हणे. व्हर्ना चर्चमध्ये गोधडी शिवायला गेली होती. मी म्हटलं, केला होता, आणि बायकोनं सांगितलं ते बरोबर आहे. तिच्या मताखाली माझंही लिहा. फार वाईट.

तो नम्रपणे म्हणाला, घरटी एकच मत घेतात, तुमच्या घरचं झालंय. मी विचारलं, मग माझी पाळी कधी? तो म्हणाला, फोनचे नंबर यंत्र काढतं, सांगता येत नाही. मी त्याला ट्रकच्या दारांचं सांगायला लागलो. त्यानं आभार मानले आणि फोन ठेवला.

ऑरिनराव, मला आयुष्यभर वाटायचं की मला कोणी विचारत नाही म्हणून देशाचं अडलंय. आता सांगण्यासारखं काही आहे, तर लिहून घ्यायला माणूस नाही. म्हणून तुम्हाला लिहितोय. तुम्ही तरी लिहून ठेवा. व्हर्नाला कळवू नका, तिला मी स्वतःच सांगणार आहे. आज ताट घेऊन आत जेवायला जाईन म्हणतो.

तुमच्या टोलेडोच्या बंदरात लष्कराचं सामान चढवणारं कोणी ओळखीचं असेल तर बघा. पत्रे तयार आहेत. भोकंही पाडून ठेवली आहेत, ट्रुडीला नुसते बोल्ट आवळायचेत.

ट्रुडी परत येईपर्यंत तरी लोभ असावा. नंतरचं नंतर बघू.

आपला,
लेलंड