झाकणाच्या आतली खूण

ता. ३ मार्च
ती. ताईस शि. सा. न. वि. वि.
तुझ्या लाडक्या भाचीनं महिनाभर घड्याळदुरुस्तीचा चिमटा हातात धरलेला नाही. हेडबाईंच्या मनगटी घड्याळाचं चाक मोडल्याचं खापर ती काम करायची त्या दुकानाच्या मालकानं तिच्यावर फोडलं आणि तिला काढून टाकलं. तो म्हणतो, आपण ते घड्याळ उघडलंच नव्हतं. चिमणी मात्र आता स्वतःच म्हणते, की आपले हात थरथरत असतील. माझा जीव तुटतो तो याच्यासाठी.
काल त्या मालकाकडे एक घड्याळ दुरुस्तीला टाकून आले. चांगलं चालत होतं, मीच बिघडवलं. माझं डोकं ठिकाणावर आहे, काळजी नसावी.
तुझी धाकटी

ता. ८ मार्च
चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.
डोकं ठिकाणावर आहे असं लिहून कळवावं लागलं, तिथंच मी ओळखलं! लहानपणी माझी बाहुली मोडणाऱ्याच्या दारात तू तीन दिवस नुसती बसून होतीस आणि शेवटी तोच रडत आला होता. मला आतापासूनच त्या मालकाची दया येतेय. वेळेवर जेवत जा. चिमणीला एक पापा.
तुझी ताई

ता. १९ मार्च
ती. ताईस शि. सा. न.
रोज एक घड्याळ नेते. सगळ्यांत हेडबाईंच्या घड्याळात मोडलं होतं तसलंच चाक मी मोडलेलं. बोलत काही नाही; समोर स्टुलावर बसून स्वेटर विणते आणि त्याच्या हातांकडे बघते. तिसऱ्या दिवशी त्याच्या डोळ्यावरचं भिंग पडलं. आज त्यानं विचारलंच, की मला हवंय तरी काय. मी म्हटलं, हेडबाईंच्या घड्याळाच्या झाकणात आतून कोणाची खूण आहे ते बघायचंय.
बाबांची सवय आठवते ना? घड्याळ उघडलं की झाकणाच्या आत सुईनं खूण आणि तारीख कोरायची. सगळेच घड्याळजी कोरतात, हात आपोआप चालतो. याचाही चालला असणार. ऐकून तो पांढराफटक पडला. उद्या हेडबाईंना घड्याळासकट दुकानात बोलावलंय.
तुझी धाकटी

ता. २१ मार्च
ती. मावशीस सा. न.
तुझ्या बहिणीनं काल कहर केला! गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात तिनं हेडबाईंचं घड्याळ मालकापुढे ठेवलं आणि झाकण उघडायला सांगितलं. त्यानं हातही लावला नाही. चाक आपल्याच हातून मोडलं, पोरीवर उगाच ढकललं, असं सगळं भडाभडा ओकला. माझी माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर.
मग झाकण आईनं उघडलं. आत त्याची खूणच नव्हती! चाक मोडल्यावर घाबरून कोरायला विसरला असणार. आणि आपण कोरलं होतं की नाही, हे त्यालाच आठवत नव्हतं. आम्ही दोघी आणि हेडबाई पोट दुखेपर्यंत हसलो.
नवं चाक मी बसवलं, तिथंच, त्याच्याच टेबलावर. हात जराही थरथरला नाही. आता त्या झाकणात एकच खूण आहे, माझी, कालच्या तारखेची. आईनं ती भिंगातून तीनदा वाचली, आणि चौथ्यांदा तिला डोळ्यांतल्या पाण्यामुळे दिसेना.
लोभाला अशीच रोज किल्ली देत जा.
तुझी चिमणी