दारांवरची सहा चित्रं

१० सप्टेंबर १९७४
पोचले! विमान, आगगाडी, बस — आणि सहाही चित्रं धडधाकट! पॅरिसमध्ये तीन वर्षं आपल्या जोन्जू गावच्याच हातकागदावर पांढऱ्यावर पांढरा रंग चढवला. आता सोलमध्ये पंचवीस तारखेला प्रदर्शन!

आईने आधी माझी मनगटं चाचपली. "तिथे भात पिकत नाही का गं?" मग तीनदा वाढलं.

प्रदर्शन जमलं तर प्योसाहेब मला पाच वर्षांसाठी परत पॅरिसला पाठवणार. गॅलरी त्यांची, शब्दही त्यांचा. आईला सांगितलं. "बरं," म्हणाली आणि मुळा चिरत राहिली.

११ सप्टेंबर
चित्रं उलगडून ठेवली. शेजारच्या मावशी आल्या — जन्मभर कागद बनवणारी बाई! डोळे बारीक करून म्हणाल्या, "एवढ्या लांब जाऊन कागद कोराच परत आणलास?" आई हसून हसून लोळायची बाकी. "मला तरी काही दिसत नाही बाई!" मीही हसले. दोघींना काही कळत नाही, आणि मला दोघी भलत्या आवडतात.

१४ सप्टेंबर
सोलला जाऊन भिंती बघून आले. माझ्या भिंती!

१५ सप्टेंबर
देवा!!

सण तोंडावर, म्हणून आईने दारांच्या लाकडी चौकटींवरचा कागद बदलला. जुना फाडला, चौकटी धुतल्या, खळ लावली, नवा चिकटवला, तोंडाने पाण्याचा फवारा मारला. सगळं रीतसर. फक्त कागद माझा! सहा दारं, सहा चित्रं!

"कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवला होतास. मला वाटलं दारांसाठीच आणलास."

मी अंगणातच फतकल मारली. रडणार होते, पण हसूच फुटलं, थांबेना. दरवर्षीसारखी दाराच्या मुठीजवळ शेवंतीची पानंसुद्धा चिकटवलीत, वर कागदाची ठिगळं! माझ्या चित्रांना ठिगळं!

१६ सप्टेंबर
सकाळी डोळे उघडले आणि ओरडलेच. ऊन दारांतून आत येत होतं आणि रंगाचा एकेक थर वेगळा दिसत होता. तीन वर्षं मी भिंतीवर जे शोधत होते ते इथे दारात! आईला गदागदा हलवलं. "कळलं, कळलं," म्हणाली. "भात करपेल."

१९ सप्टेंबर
प्योसाहेब आले. आधी चेहरा आंबट. मग बूट काढून आत बसले ते दोन तास उठले नाहीत! "दारंच न्यायची. सोलला, मग पॅरिसला. अन् तुम्हीही." मी नाचले! मावशी म्हणाल्या, "थंडीत तुझी आई दारांच्या जागी काय लावणार, पॅरिस?"

२१ सप्टेंबर
उद्या ट्रक. आईने आज माझे सगळे मोजे रफू केले. मी आपली दिवसभर गुणगुणतेय.

२२ सप्टेंबर
सकाळी पहिलं दार बिजागरीतून उचललं आणि उन्हात धरलं. पानाच्या मागे काहीतरी लाल दिसलं. माझा शिक्का! मी तो सहीऐवजी प्रत्येक चित्राच्या मागे, कोपऱ्यात मारते. दुसरं दार — पानामागे शिक्का. सहाही दारांवर तसंच. मुद्दाम कागद फिरवून, मोजून, शिक्का मुठीजवळ आणून वर पान लावलेलं. कोरा कागद समजून कोणी असं करत नाही.

आई पायरीवर बसली होती. "आई, तुला दिसत होतं?"

"सगळं दिसत होतं गं. पांढरं, त्याहून पांढरं, मध्ये जरासं निळं." मग खाली बघून म्हणाली, "गुंडाळलेला कागद कुठेही जातो. दार घराचं असतं. म्हटलं, दाराला लावलं तर राहील."

सहाही दारं परत बसवली. ट्रक बाहेर उभा आहे. प्योसाहेबांना सांगायला जायला हवं, आणि माझा हात त्या पानावरून निघत नाही.